सिरीजचा दिवा

भुजंगरावानं तिसऱ्यांदा आणून टेकवला
जिनिंगच्या वजनकाट्यावरचा फ्लडलाइट.
पोत्यात गुंडाळलेला, अंगावर रुईची लव,
आत एक पाल, वाळून कागद झालेली.
"कालिंदा, आता जर गेला ना," म्हणाला,
आणि वाक्य तिथंच ठेवून चहा प्यायला गेला.

मानवतचा मे. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
कॅपॅसिटरच्या अंगावर छापलंय एकशे पाच.
छापायला काय जातंय.

झाकण उघडलं.
फ्यूज गेलेला. मॉस्फेटच्या पोटाला तडा,
वास तोच, गेल्या महिन्याचा,
त्याच्या आधीच्या महिन्याचा.
मीटरची टोकं कुठल्याही दोन पायांना लावा,
बीप.

पहिला मॉस्फेट गेला एप्रिलच्या विजेनं.
तो नवा बसवला मामूंनी,
मला बाजूला सारून, बोटांनी चाचपत,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा हात थरथरता.
बोर्ड दाबून धरायला लागत होता त्यांना.
दुसरा मी बसवला. त्यांचंच बघून, तसाच,
जळलेला काढला, नवा लावला, आजूबाजूला न बघता.

खय्यूममामू दाराशी स्टुलावर बसलेत.
वास त्यांनाही गेला असणार.
"जो जल्या उसकू नक्को देख," म्हणाले,
"मार्‍या कौन, वो देख."

मग मी सगळ्यांच्या दारी गेले.
ब्रिजचे चार डायोड: ठीक.
सेन्स रेझिस्टर: गेलेला, पण तो मॉस्फेटबरोबर जाणारच,
सती गेल्यासारखा. बदलला.
आयसी: बदलला, विश्वास नको म्हणून.
मोठा कॅपॅसिटर: टोपी सपाट, फुगलेली नाही.

मॉस्फेट सेकंदाला साठ हजार वेळा
दार उघडतो नि आपटतो.
प्रत्येक आपटीला ट्रान्सफॉर्मर उलटा झटका मारतो.
तो झटका गिळायला कोपऱ्यात ठेवलेला असतो
एक कॅपॅसिटर, तिळाएवढा.
रात्री शिवारातल्या मोटारी बंद पडतात, व्होल्टेज चढतं,
तेव्हा सगळं त्या तिळावर.

दिसायला धड होता.
बांबूच्या काडीनं हळूच ढोसला.
टिक्.
एवढासाच आवाज,
वाळल्या सरकीवर पाय पडावा तसा.
भिंगाखाली आडवी चीर, केसाहून बारीक.
असली चीर विजेनं पडत नाही.
बोर्ड वाकला की पडते.

मी मान वर केली नाही.
नवा तीळ चिमट्यानं बसवला,
नवा मॉस्फेट, नवा फ्यूज,
एलईडीची वायर सोडवून ठेवली
आणि सिरीजचा दिवा जोडला:
शंभरचा पिवळा, काचेचा.
असले सहा मामूंनी रद्दीत गुंडाळून जपलेत.
या दिव्याचं सगळंच उलटं.
भक्कन पेटून राहिला, तर आत कुठंतरी शॉर्ट.
विझला, तर जमलं.

बटण दाबलं.
एकदा लखलखला.
तार लाल झाली, तांबूस झाली, मग काहीच नाही.

"बुझ्या क्या?" मामूंनी विचारलं.
"हौ."
"क्या था?"
"गरमी, मामू. गरमीनं गेलता."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, रिकामा, पत्रे वाजवत.
"गरमी से सूकता, बेटी," ते म्हणाले.
"टूटता नै."
आणि डावा हात मांडीखाली दाबून बसले.

सिरीज काढली. वायर जोडली, थेट लाइन दिली.
पोत्यावर पालथा घातलेला फ्लडलाइट,
कडांखालून पांढरा उजेड टेबलभर पसरला,
पोत्याची एकेक सुतळी मोजता येईल असा.
मामूंचं तोंड तिकडंच होतं,
उजेड त्यांना दिसला की ऊब लागली, कळलं नाही.

भुजंगराव आला. खिशात हात घालून म्हणाला,
"किती?"

मी आकडा सांगणार तेवढ्यात मामू बोलले,
"इस बार के नक्को."